निजलेल्याला नमस्कार

शीवच्या किल्ल्यावर वारा बदलला की नाकाला आधी कळतं. एप्रिलभर मी पहाटे पायऱ्या चढते तेव्हा वारा पूर्वेकडून येत असतो, चेंबूर-देवनारचा धुरकट वास घेऊन. ३४ वर्षं मुलांना शिकवले तेच हे मतलई वारे. रात्री जमीन निवते आणि वारा समुद्राकडे निघतो. मग मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या सकाळी तो वास येतच नाही. धारावीच्या अंगाने, माहीमच्या खाडीवरून ओल्या चिखलाचा, खाजणाचा, थोडा कुजट असा वास वर चढतो. फिरायला आलेली मंडळी नाकाला रुमाल लावतात. मी बुरुजापाशी दोन मिनिटं थांबते. आगोट लागली.

हा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या वर्षांत बांधला, कारण त्यांची मुंबई इथे संपत होती. पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी. शीव म्हणजे हद्द. १८०५ पर्यंत खाडीवर बांध घालून झाला, मग आगगाडी आली, आणि हद्दीचं नुसतं नाव उरलं. तेही ‘सायन’ होऊन. माझे वडील शीव कोळीवाड्यातले. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात खाडीची मासेमारी होती. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या. वडील मात्र परळच्या गिरणीत. (आज हॉटेलांत ‘कोळीवाडा प्रॉन्स’ म्हणून जे मिळतं ते आमच्या कोळणींचं नव्हेच. फाळणीनंतर इथे येऊन वसलेल्या पंजाबी मंडळींचं आहे. बेसनात घोळवलेली कोळंबी पाहून माझ्या आजीने काय म्हटलं असतं ते इथे लिहिण्याजोगं नाही.) खरा दर्या मला मिळाला तो आईकडून. ती वरळी कोळीवाड्याची.

१९८३ साली सहावीच्या वर्गात मी मोसमी वारे शिकवत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, “बाई, नारळ टाकला म्हणून समुद्र शांत होतो, की समुद्र शांत झाल्यावर नारळ टाकतात?” वर्ग हसला. मी हसले नाही. ऑगस्टमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर कमी व्हायला लागतो, समुद्र निवळतो आणि त्या सुमारास नारळी पौर्णिमा येते, असं फळ्यावर बाण काढून सांगितलं. उत्तर बरोबर होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर पूर्ण गुण दिले असते. पण त्या दिवशी घरी येताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि ते का, याचा हिशोब अजून लागलेला नाही.

मेमध्ये शाळा सुटली की आम्ही भावंडं वरळीला. मामा नाखवा होता. एकच होडी, डोल जाळ्याची, आणि तिला नुकतंच इंजिन बसवलेलं. इंजिनावर त्याचा विश्वास कमी, म्हणून शीडही तसंच ठेवलेलं. मे महिन्यात कोळीवाड्यात दोनच विषय. खारवायचं किती, आणि होड्या वर कधी घ्यायच्या. मामीच्या अंगणात सुकं पसरलेलं असे, आम्हा मुलांना काठी देऊन कावळे हाकायला बसवलेलं असे, आणि पुरुष संध्याकाळी खडकावर बसून नैऋत्येकडे बघत. बोलत काहीच नसत. आमच्या लेखी तो रिकामटेकडेपणा होता.

मामा कॅलेंडर बघायचा, रेडिओही ऐकायचा, पण ठरवायचा पाण्यावरून. एक दिवस असा येई की वारा पडलेला, आभाळ मोकळं, पाणी तेलासारखं गुळगुळीत, आणि तरी खालून एक लांबलचक लाट येऊन होडीला उचलून ठेवी. फेस नाही, आवाज नाही. “दर्या कूस बदलतंय,” मामा म्हणायचा. पुढे डी.एड.च्या पुस्तकात मला त्याचा उलगडा झाला. हजारो किलोमीटरवर वाऱ्याने उठवलेली लाट त्या वाऱ्याच्या पुढे धावते. वारा पोहोचायच्या आधी तिची खबर पोहोचलेली असते. मामाला हे माहीत नव्हतं. त्याला फक्त खबर वाचता येत होती.

होडी वर घ्यायच्या आधीची शेवटची फेरी मुलांची. ६१ सालची असावी ती, मी आठेक वर्षांची. वरळीच्या टोकापासून निघून माहीमच्या किल्ल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. जाताना खारा वारा बाजूने भरलेला, शीड टम्म, आणि मोठ्या मामेभावाने मला सुकाणूला हात लावू दिलेला. त्या लाकडाची थरथर अजून तळव्यात आहे. वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीचं देऊळ दिसायला लागलं होतं. एकदम मामाने शीड उतरवायला सांगितलं. का, ते कुणाला कळेना. ऊन लख्ख होतं. मामाने इंजिन चालू केलं, होडी फिरवली. अर्ध्या वाटेवर नैऋत्येला पाटीएवढा काळा ढग दिसला. मग वारा थांबला. शीड उतरवलं नसतं तर ते तेव्हा लटकलं असतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत फाटलं असतं. कारण पाच मिनिटांनी जे आलं त्याला वारा म्हणवत नाही. मी होडीच्या तळाशी जाळ्यांवर पडून ओकत होते. तेवढ्यात मला मामा दिसला. एक हात सुकाणूवर. दुसरा त्याने आधी मोत माउलीच्या टेकडीकडे केला, मग वरळीला गोल्फादेवीकडे. दोन सेकंदांत दोन्ही आटोपलं आणि तो पुन्हा लाटेच्या तोंडावर होडी धरायला लागला.

रात्री मी त्याला विचारलं, “देवीने वाचवलं ना?” मामा म्हणाला, “ढगाने वाचवलं. येतंय म्हनून सांगून आला तो.” मग हात कशाला जोडलेस? त्यावर त्याने फार विचित्र उत्तर दिलं. म्हणाला, “समोर मानूस आल्यावर तू हात जोरत नाय?”

चार दिवसांनी होड्या वर घेतल्या. ओंडक्यांवरून ओढत, आरोळ्या देत. मग त्या शाकारल्या आणि मामा जाळी विणायला बसला. तेव्हा सरकारी बंदी नव्हती. आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना कायद्याने बंदी आहे, मत्स्यखात्याची माणसं बंदरावर लक्ष ठेवून असतात. तेव्हा कुणी बघत नव्हतं, आणि तरी कोळीवाड्यातली कुठलीही मोठी होडी नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात जात नव्हती. घरात पैसा संपलेला असे. मामीच्या पाटल्या सावकाराकडे असत. समोर समुद्र कधीकधी जुलैतही दोन-दोन दिवस असा शांत पडे की कुणालाही मोह व्हावा. आणि वीस-पंचवीस बाप्ये खडकावर बसून त्याच्याकडे बघत राहत.

लहानपणी नारळी पौर्णिमेला मी एकदाच वरळीला होते. सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ मिरवत नेला, पूजा झाली, मामाने आपला नारळ वाहिला. तो पाण्यात पडतो न पडतो तोच बाजूच्या वस्तीतल्या एका पोराने बुडी मारून तो पळवला. मला रडूच आलं. मामा म्हणाला, “दर्याला दिला. दर्याने त्या पोराला दिला. तुझं काय गेलं?” आणि पळवला नसता तरी काय? नारळ तरंगतो. ओहोटीबरोबर जातो आणि पुढच्या भरतीला किनाऱ्यावर परत येऊन पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खडकांत ओळीने नारळ अडकलेले मी स्वतः पाहिले आहेत. समुद्र घेतच नाही तर दिलं कशाला, हा प्रश्न तेव्हापासूनचा. सहावीतल्या त्या मुलाच्या कितीतरी आधीचा.

याहून मोठी अडचण चंद्राची. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाण असतं. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. समुद्र मवाळ असतो तो अष्टमीच्या आगेमागे. कोळी त्याला भांग म्हणतात. शांत समुद्राची पूजा करायची तर ती भांगाला करायला हवी होती. आपल्या पूर्वजांनी नेमका तो दिवस निवडला ज्या दिवशी तो सगळ्यात फुगलेला असतो. हे मी मामाला मोठेपणी विचारलं, बाईपणाच्या ऐटीत. तो जाळ्याचा पीळ दातात धरून बसला होता. तो सोडवून म्हणाला, “भांगाला दर्या निजलेला असतं. निजलेल्या मानसाच्या कोन पाया परतं का गो?”

निजलेल्याला नमस्कार करू नये, हे आपल्या घराघरांत मुलांना सांगतात. का करू नये, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तारखांचं म्हणाल तर त्या आणखी अडचणीच्या. २०२० साली नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली. पूजा यथासांग झाली आणि ५ ऑगस्टला मुंबईवर असं वादळी वारं आलं की कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून पौर्णिमा ३० ऑगस्टपर्यंत लांबली. समुद्राचा राग पंचांगातला अधिक महिना बघून लांबत असेल, असं माझ्यातला कोळीही म्हणणार नाही. म्हणजे नारळाने समुद्र शांत होत नाही, आणि समुद्र शांत झाला म्हणूनही नारळ वाहत नाहीत. १९८३ सालच्या मुलाने दिलेले दोन्ही पर्याय चुकीचे ठरतात, आणि फळ्यावरचं माझं उत्तरही अर्धंच.

ही भानगड जुनी आहे. न्यायसूत्रांत आणि त्यांच्या भाष्यात हा आक्षेप सरळ नोंदवला आहे. पुत्रासाठी इष्टी केली आणि पुत्र झाला नाही, मग वेदवचन खोटं का मानू नये? सूत्रकारांचं उत्तर असं की कर्मात, करणाऱ्यात किंवा साधनांत काहीतरी खोट राहिली असेल. पावसासाठी करायच्या कारीरी इष्टीवरही अशाच चर्चा आहेत. शिक्षिका म्हणून मला हे उत्तर ओळखीचं वाटतं. मुलगा नापास झाला की शिकवण्यात खोट नसते, मुलाने अभ्यास केलेला नसतो. असं उत्तर कधीच हरत नाही, आणि म्हणूनच ते मला आवडत नाही. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन नावाच्या गृहस्थाने १८७२ साली प्रार्थनेचा परिणाम आकडेवारीने तपासायला घेतला. त्याचा एक मुद्दा बिनतोड आहे. प्रार्थनेने जहाजं तरत असती तर धर्मोपदेशकांना नेणाऱ्या जहाजांचा विमा स्वस्त झाला असता. विमेवाले तर कुणाची भक्ती विचारतच नाहीत. आमच्या वरळीत नारळ वाहिलेल्या होडीला कुणी हप्त्यात सूट दिल्याचं मीही ऐकलेलं नाही. त्याच काळात, १८६७ साली, मुंबईत प्रार्थना समाज निघाला. त्याची भूमिका मला या सगळ्यांत समंजस वाटते. प्रार्थना ऐहिक फळासाठी नाही, करणाऱ्याच्या आत्म्यासाठी आहे. पटतं. फक्त एक शंका राहते. गिरगावातल्या त्या सुशिक्षित मंडळींपैकी कुणाला जून-जुलैत घरात पैसे नसताना शांत समुद्राकडे बघत बसावं लागलं होतं का?

आणि हे तिघेही, नैयायिक, गाल्टन आणि समाजिष्ट, एक गोष्ट धरून चालतात. नारळ हा अर्ज आहे, हे. अर्ज मंजूर होतो का, फेटाळला तर दोष कुणाचा, किंवा अर्जात मागावं काय. मामाचा नमस्कार अर्ज नव्हता. (खोटं कशाला बोलू, कधीकधी होता. पापलेट कमी मिळत होती त्या वर्षी त्याने गोल्फादेवीला कौल लावला होता आणि बरंच काही मागितलं होतं. पण ते देवीकडे. दर्याकडे नाही.)

अलीकडे आणखी एक उत्तर फोनवर फिरत येतं. श्रावणात माशांचा विणीचा हंगाम असतो, म्हणून आपल्या थोर पूर्वजांनी नारळी पौर्णिमेपर्यंत मासेमारी बंद ठेवली, सणामागचं विज्ञान ओळखा, वगैरे. हे मला गाल्टनपेक्षा जास्त झोंबतं. बंदीमागे विणीचं कारण आहे हे खरं, कायद्यातलं ते कारण योग्यही आहे. पण माझ्या मामाला गाबोळी जिवापाड आवडायची. मेअखेरीस गाबोळीने भरलेली मासळी मिळाली की मामी ती तव्यावर परतायची आणि मामा आम्हालाही वाटा देताना हात आखडता घ्यायचा. या माणसाला मत्स्यसंवर्धक ठरवणं म्हणजे त्याची थट्टा आहे. तो होडी वर घ्यायचा कारण तो भ्यायचा. आणि त्याला त्या भीतीची लाज वाटत नसे.

भीती या शब्दावर मी अडखळते, पण दुसरा सापडत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या बोटींना संतांची नावं असत. ‘तुकाराम’ नावाची बोट ११ नोव्हेंबर १९२७ ला बुडाली, त्याच दिवशी ‘जयंती’ही बुडाली. माझी आजी म्हणायची, तुकोबांची गाथा तरली आणि तुकाराम बुडाली, आता काय बोलावं! मग १७ जुलै १९४७, आषाढातली अवस. त्या वर्षीही पुढे अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा सहा आठवडे दूर. ‘रामदास’ सकाळी धक्क्यावरून सुटली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी पाण्यात लोटून बुडणारी माणसं वर घेतली, असं सांगतात. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांनी मासळी दर्याला परत दिली. असा नैवेद्य कुठल्या पोथीत सांगितलेला नाही.

तेव्हा हवामानाचा अंदाज आजच्यासारखा नव्हता, असं म्हणता येईल. पण मे २०२१ मध्ये होता. तौक्ते वादळाचा इशारा दिलेला होता, उपग्रहाची चित्रं घरोघरी टीव्हीवर होती. १७ मे रोजी मुंबईपासून दूर तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा तराफा नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावरची सत्तरहून अधिक माणसं गेली. त्या आठवड्यात मी किल्ल्यावर गेले नाही. खिडकीतून झाडं पडताना बघत होते आणि मामाची आठवण येत होती, लख्ख उन्हात शीड उतरवणाऱ्या. येणारं माहीत असणं निराळं आणि त्याच्यापुढे थांबणं निराळं. माहिती आपल्याकडे त्याच्यापेक्षा शंभरपट आहे.

माझी एक भाची आयर्लंडमध्ये गॉलवेला असते. तिथला उन्हाळा म्हणजे एका दिवसात चार ऋतू, असं ती सांगते. सकाळी लोक हौसेने होड्या काढतात, दुपारी पावसाने झोडपून परत येतात. तिने मला तिथल्या रेडिओवरचा सागरी हवामानाचा अंदाज ऐकवला. भूशिरांची नावं एकामागून एक संथ सुरात, कुठून कुठपर्यंत वारा किती. मला तो विष्णुसहस्रनामासारखा वाटला. तिथे ऑगस्टमध्ये धर्मगुरू होडीत बसून जातात आणि त्या उपसागराला आशीर्वाद देतात, तांबूस तपकिरी शिडांच्या जुन्या होड्या भोवती जमतात. फोटो पाहताना मला प्रथमच आमच्या नारळाचं वेगळेपण कळलं. आशीर्वाद मोठ्याने लहानाला द्यायचा असतो. समुद्राला आशीर्वाद द्यावा एवढे मोठे आम्ही कधी नव्हतो. त्याच किनाऱ्यासमोरच्या अरन बेटांवर घडणारं एक छोटं नाटक सिंग या आयरिश नाटककाराने लिहिलं, १९०४ साली ते रंगभूमीवर आलं. त्यातल्या म्हातारीला तरुण धर्मगुरूने भरवसा दिलेला असतो की देव तिचा शेवटचा मुलगा काही नेणार नाही. तोही जातो. तो भरवसा द्यायला नको होता, असं मला दर वेळी वाटतं.

आपल्याकडचा जुन्यातला जुना दर्यादेव वरुण. नारळी पौर्णिमेला भटजी संकल्प सांगतात तो त्याच्याच नावाने. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठाची वरुणसूक्तं आहेत. त्यांतल्या एकात वसिष्ठ जुनी आठवण काढतो. वरुण आणि तो एका नावेत बसून समुद्राच्या मध्यावर गेले होते आणि पाण्यावर झोपाळ्यासारखे झुलत होते. आता ती मैत्री कुठे गेली, असं तो विचारतो. मी हे भाषांतरात वाचलं तेव्हा मला जाळ्यांवर पडून ओकणारी मी आठवले. लाट आणणारा देव आणि लाटेवर हिंदकळणारा माणूस एकाच होडीत बसलेले! वसिष्ठ भितो, आपलं काय चुकलं म्हणून विचारतो, पण त्याची तक्रार वादळाबद्दल नाही. ओळख तुटल्याबद्दल आहे.

शीवेला नारळ देण्याची आपली रीत आहे. लग्नाचं वऱ्हाड गावाची शीव ओलांडतं तेव्हा नारळ फोडतात. वाट चांगली व्हावी म्हणून, असं सांगतात. पण शीवेवर कुणीतरी बसलेलं आहे, ही जागा आपली नाही, इथून पुढे आपण पाहुणे, एवढं त्यात बोलून जातं. माझ्या पत्त्यात जन्मभर शीव होती आणि हे मला २६ जुलै २००५ ला कळलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी उलटली, भरतीने तिला वाट दिली नाही आणि आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी आलं. शाळेचे नकाशे तरंगत होते. ज्या खाडीवर आम्ही दोनशे वर्षं बांध, रूळ, भराव आणि इमारती घातल्या, ती रात्री घरात येऊन गेली. आम्ही एकाही शीवेवर नारळ ठेवला नव्हता.

मामा १९९७ साली अंथरुणात गेला, कोळ्याला क्वचित मिळणारं मरण. होडी मोठ्या मामेभावाकडे आली. तोच, ज्याने मला सुकाणूला हात लावू दिला होता. साठी उलटली तरी बाहेर जायचा. २००९ साली त्याने नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, हंगाम बरा चालला होता. नोव्हेंबरमध्ये फयान वादळ आलं. ११ नोव्हेंबरला ते मुंबई-अलिबागच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं. ११ नोव्हेंबर, तुकाराम आणि जयंतीची तारीख. नातेवाइकांत त्यावर कुजबुज झाली, कुणीतरी शापाबद्दलही बोललं. मी त्यांना सांगितलं की पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात, तारीख जुळण्यात फार नवल नाही. हेही बरोबर होतं. यालाही मी पूर्ण गुण दिले असते. मामेभाऊ आणि त्याच्याबरोबरचे दोन खलाशी परत आले नाहीत. होडीची एक फळी आठ दिवसांनी मिळाली.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. मी मुद्दाम वरळीला गेले. मामी तेव्हा ऐंशीच्या पुढे. मला वाटलं होतं, या वर्षी घरातून नारळ जाणार नाही, आणि ते मला योग्यही वाटलं असतं. तर मामी लुगडं नेसून तयार. नारळ नातू वाहणार होता, पण घ्यायला ती स्वतः निघाली. मी तिचा हात धरून नाक्यावरच्या गाडीपाशी नेलं. वाटेत मी तिला विचारणार होते. मामाला विचारलं तसं. कशासाठी मामी, आता काय मागणार? धीर झाला नाही.

गाडीवर सणाची गर्दी. मामीने एक नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला, खाली ठेवला. दुसरा हलवला. “ह्याच्यात पानी नाय.” तिसरा, चौथा. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. गाडीवाला पोरगा नवा होता, उत्तरेकडचा, पण मराठी चांगलं बोलत होता. म्हणाला, “आजी, कुठलाही घ्या ना. समुद्रातच तर टाकायचा आहे.”

मामीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग हातातला नारळ परत ठेवला, पाचवा उचलला आणि कानाशी धरला.